तार तोडण्याचें हत्यार

शहरांतील मध्यमवर्गीय घरांत हत्यारांचा संसार फारसा मोठा नसतो. एक हातोडी, दोन-तीन स्क्रू-ड्रायव्हर, एक टेस्टर आणि एक पक्कड, एवढ्यांत तो आटोपतो. यांतील पक्कडीच्या वांट्याला सर्वांत अधिक कामें येतात. खिळा उपटावयाचा असो, घट्ट बसलेला नट फिरवावयाचा असो किंवा कपडे वाळत घालण्याची तार तोडावयाची असो, हांक तिलाच मारली जाते. आणि तीं सर्व कामें ती, कशीबशी कां होईना, पार पाडते. त्यामुळें तार तोडण्यासाठीं निराळें हत्यार लागतें आणि त्या हत्याराचीहि निवड करावी लागते, ही गोष्ट पुष्कळ घरांत कोणाच्या मनांतहि येत नाहीं.

घरांतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला इलेक्ट्रॉनिक कामाची गोडी लागली म्हणजे मात्र हा प्रश्न उभा राहतो. अभ्यासाच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न येतें, रेझिस्टर, कपॅसिटर व ट्रान्झिस्टर यांच्या पुड्या येतात, छिद्रें पाडलेला सर्किट बोर्ड येतो. रेझिस्टरचे पाय बोर्डाच्या छिद्रांतून पलीकडे काढावयाचे, त्यांना सोल्डरचा डाख द्यावयाचा आणि उरलेले पाय छाटून टाकावयाचे, हें या कामाचें नित्याचें स्वरूप होय. पाव वॅटच्या रेझिस्टरचा पाय सुमारें अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि बोर्डावरील लगतच्या दोन छिद्रांमधील अंतर बहुधा २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग असतें. एवढ्या दाटींत घरच्या पक्कडीचा जबडा शिरत नाहीं. मग मंडळी दुकानांत जातात आणि ‘एक चांगला कटर द्या’ असें म्हणतात. परंतु कटर हें असें हत्यार आहे कीं, जो गुण त्याला एका कामासाठीं उत्तम ठरवितो, तोच दुसऱ्या कामांत त्याचा घात करतो. म्हणून कटर चांगला कीं वाईट हें विचारण्यापूर्वीं तो कोणती तार तोडण्यासाठीं हवा आहे, हें ठरविलें पाहिजे.

घरची पक्कड या कामाला अपुरी कां पडते, हें तिच्या कुळाकडे पाहिलें म्हणजे समजतें. तार तोडणारी भक्कम पक्कड नांवारूपाला आली ती तारायंत्राच्या काळांत. अमेरिकेंतील क्लाइन या कारखान्याच्या इतिहासांत अशी हकीकत सांगितली जाते कीं, १८५७ सालीं शिकागो शहरांत तारायंत्राच्या खांबांवर काम करणारा एक मनुष्य आपली मोडकी पक्कड घेऊन मथायस क्लाइन नांवाच्या जर्मन कारागिराकडे आला. क्लाइननें मोडलेला अर्धा भाग नवा घडवून जुन्या अर्ध्या भागाशीं रिव्हेटनें जोडून दिला. कांहीं काळानें जुना अर्धाहि मोडला, तेव्हां तोहि त्यानेंच घडविला. आणि अशा रीतीनें त्याची पहिली संपूर्ण पक्कड तयार झाली. त्या काळीं खांबांवरून जाणाऱ्या तारा बहुतांशीं लोखंडाच्या असत. त्या तोडावयास लांब दांडे, जाड जबडा आणि बोथटपणाकडे झुकणारी मजबूत धार हींच हवीं होतीं. बरोबर शंभर वर्षांनीं, १९५७ सालीं, अमेरिकेंत सर्किट बोर्ड तयार करणाऱ्यांची आय. पी. सी. ही संस्था स्थापन झाली. तोंवर तार मऊ तांब्याची आणि केसाच्या पंक्तीला बसणारी झाली होती, आणि कटरकडून होणारी अपेक्षाहि पालटली होती.

तोडणें ही क्रिया एकच दिसली, तरी ती तीन निरनिराळ्या रीतींनीं होते. आणि त्या तीनहि रीति मराठी घराच्या चांगल्या परिचयाच्या आहेत. कात्रीचीं दोन पातीं एकमेकांना घासून शेजारून निघून जातात. अडकित्त्याचें एकच पातें धारेचें असतें. दुसरा दांडा ऐरणीप्रमाणें सुपारीला खालून आधार देतो. तिसरी रीत नखें कापण्याच्या नेलकटरची. त्यांत दोन धारा समोरासमोरून येतात आणि मधोमध एकमेकींना भेटतात. इलेक्ट्रॉनिक कामाचा कटर हा या तिसऱ्या जातीचा होय. नेलकटर दाबतांच नखाचा तुकडा टचकन् उडून कोठें तरी जातो, हें सर्वांनीं पाहिलेलें असतें. तो कां उडतो, हें कळलें कीं कटरच्या निवडीचें निम्में रहस्य उलगडतें.

कटरची धार म्हणजे एक लहानशी पाचर आहे. लांकडाच्या ओंडक्यांत पाचर ठोकली म्हणजे ती नुसती आंत शिरत नाहीं. ती दोन्ही अंगांना ढकलीत जाते. तारेचेंहि तसेंच होतें. धार तारेंत रुतते, तसतशी ती तारेचे दोन भाग एकमेकांपासून दूर लोटीत असते. शेवटीं मध्यें धातूचा एक बारीक धागा उरतो. तो कापला जाण्यापूर्वींच ताणानें तुटतो आणि त्या क्षणीं दोन्ही बाजूंना धक्का बसतो. धारेचा उतार जितका जाड, तितकें हें लोटणें अधिक आणि तितकाच धक्काहि मोठा.

धारेच्या या उतारावरूनच कटरचे प्रकार पडतात. ज्याच्या पात्यांना दोन्ही बाजूंनीं उतार असतो, तो साधा साईड कटर. त्यानें तोडलेल्या तारेचीं दोन्ही टोकें घराच्या छपरासारखीं निमुळतीं होतात. ज्याच्या पात्यांची एक बाजू पुरी सपाट असून सगळा उतार दुसऱ्या बाजूला असतो, त्याला बाजारांत फ्लश कटर म्हणतात; निपर किंवा मायक्रो कटर या नांवांनींहि तो मागितला जातो. त्याच्या सपाट बाजूकडील टोक जवळजवळ सपाट निघतें आणि उताराच्या बाजूकडील टोकालाच छपराचा आकार येतो. या दोहोंच्या मधला, म्हणजे सपाट बाजूलाहि किंचित् उतार ठेवलेला, असा एक प्रकार मिळतो; त्याला सेमी-फ्लश म्हणतात. फ्लश कटर हातीं घेणाऱ्यानें एक गोष्ट कधींहि विसरूं नये. सपाट बाजू नेहमीं बोर्डाकडे असली पाहिजे आणि उताराची बाजू टाकून द्यावयाच्या तुकड्याकडे. म्हणजे धक्का बहुतेक सगळा निरुपयोगी तुकड्याला बसतो आणि बोर्डावर उरणारें टोक सपाट व बोथट राहतें. कटर उलटा धरला, तर तेंच महागाचें हत्यार साध्या साईड कटरसारखें वागूं लागतें.

टोकाच्या आकाराची एवढी चिकित्सा कशाला, असें कोणी विचारील. बोर्डावर टोकदार पाय उरले तर ते हाताला ओरखडतात, वायरचें आवरण भोंसकतात आणि खालच्या पत्र्याच्या पेटीला टेकले तर विद्युत्प्रवाहाला भलतीच वाट काढून देतात. परंतु यापेक्षां मोठें नुकसान डोळ्यांना दिसत नाहीं. डाख देऊन झाल्यावर पाय छाटला जातो, तेव्हां तोडण्याचा धक्का पायांतून थेट डाखापर्यंत आणि पुढें रेझिस्टरच्या किंवा डायोडच्या अंगापर्यंत पोंचतो. कटर बोथट असेल, किंवा तो डाखाच्या गोळ्यांतच घातला असेल, तर पायाभोंवतीं केसासारखी बारीक चीर पडते. यंत्र त्या दिवशीं चालतें. पुढें तें तापलें कीं बंद पडतें, निवलें कीं सुरू होतें, टेबलावर थाप मारली कीं क्षणभर बोलतें आणि पुन्हां गप्प बसतें. असला दोष शोधून काढण्यांत नवशिक्याच्या कित्येक संध्याकाळी जातात. तो नकाशा तपासतो, ट्रान्झिस्टर बदलतो, आणि शेवटीं आपल्याला हें शास्त्र जमणार नाहीं अशी समजूत करून घेतो. दोष मात्र त्याच्या बुद्धींत नसतो, हातांतल्या कटरांत असतो.

कारखानदारीनेंहि ही गोष्ट गंभीरपणें घेतली आहे. आय. पी. सी. च्या सोल्डरिंगविषयक नियमांप्रमाणें महत्त्वाच्या दर्जाच्या कामांत डाख दिल्यानंतर पाय छाटले, तर तो डाख पुन्हां वितळवून घ्यावा लागतो किंवा दहापट मोठें दाखविणाऱ्या भिंगाखालीं तपासावा लागतो. छाटल्यावर बोर्डाबाहेर किती पाय उरावा, यालाहि मर्यादा आहे. धातूचा मुलामा असलेल्या छिद्रांच्या बोर्डावर मधल्या दर्जाच्या कामांत तो २.५ मिलिमीटरपेक्षां अधिक आणि अत्यंत विश्वसनीय यंत्रांत १.५ मिलिमीटरपेक्षां अधिक नसावा. परंतु त्याचें टोक डाखांतून दिसलें पाहिजे. घरीं काम करणाऱ्यास यांतून सोपा धडा घेतां येतो. पाय डाखाच्या माथ्याशीं, पण डाखाला न चावतां छाटावा. आणि शंका वाटली, तर सोल्डरिंग आयर्नचें टोक त्या डाखाला पुन्हां एकदां लावून तो वितळूं द्यावा.

इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल कीं, मग सर्वांत पातळ आणि सर्वांत तीक्ष्ण धारेचा फ्लश कटर घ्यावा म्हणजे झालें. येथेंच त्या गुणाची दुसरी बाजू पुढें येते. पातळ धारेच्या पाठीशीं धातु कमी असतो. तिला तिच्याहून मऊ वस्तूच चालते. मऊ तांब्याची तार तुटावयास दर चौरस मिलिमीटरला सुमारें २०० ते २५० न्यूटन ताण लागतो. पियानोची किंवा गिटारची पोलादी तार तोच ताण २००० न्यूटनच्या पलीकडे नेते. म्हणजे जाडी तीच, परंतु विरोध आठ-दहा पट. फ्लश कटरनें अशी तार एकदां जरी तोडली, तरी त्याच्या धारेवर अर्धचंद्रासारखी खांच पडते. आणि त्यानंतर त्या ठिकाणीं बारीक तार तुटत नाहीं, नुसती चेपून वांकते. टांचणी, सेफ्टी पिन, कागदाची क्लिप, सायकलचा स्पोक हे सर्व या कटरचे शत्रु होत. ते तोडावयास साधा, जाड उताराचा साईड कटर किंवा जुनी पक्कडच योग्य. तेथें तिच्या धारेचा राकटपणा हाच तिचा गुण ठरतो.

कित्येकदां पोलाद वेष पालटूनहि येतें. वरून चकचकीत कथलाचा मुलामा असलेला पाय तांब्याचाच असेल असें मानूं नये. स्वस्त रेझिस्टरच्या पायांत पुष्कळदां आंत पोलाद आणि वर तांब्याचा थर असतो. एल. ई. डी. दिव्यांचे पायहि बहुधा लोखंडी असतात. कांचेच्या खोळींतील लहान डायोडमध्यें कांच आणि धातु तापल्यावर सारख्या प्रमाणांत फुगावींत म्हणून निकेल आणि लोखंड यांच्या मिश्रधातूवर तांबें चढविलेली तार वापरतात. यांची परीक्षा अगदीं सोपी आहे. घरांतील कोणताहि लहान लोहचुंबक छाटलेल्या तुकड्यांवरून फिरवावा. जो तुकडा उडी मारून चिकटेल, त्यांत लोखंड आहे असें समजावें. असे पाय बारीक असल्यामुळें बरा सेमी-फ्लश कटर ते सहन करतो. परंतु नाजुक धारेच्या कटरला त्यांच्यापासून दूर ठेवणेंच शहाणपणाचें होय.

धातूच्या खालोखाल विचार करावयाचा तो जाडीचा. तारेचा व्यास दुप्पट झाला कीं तिचा छेद चौपट होतो आणि तोडावयास लागणारा जोरहि जवळजवळ त्याच प्रमाणांत वाढतो. म्हणून प्रत्येक कटरवर किंवा त्याच्या वेष्टनावर तो किती जाडीपर्यंत चालतो, तें दिलेलें असतें. येथें एक खांचखळगा आहे. परदेशी कटरवर ही जाडी बहुधा अमेरिकन गेजमध्यें, म्हणजे ए. डब्ल्यू. जी. मध्यें लिहितात, आणि इकडच्या बाजारांत मोटारी गुंडाळण्याची तार ब्रिटिश एस. डब्ल्यू. जी. च्या आंकड्यानें विकली जाते. दोन्ही मापांत आंकडा जितका लहान, तितकी तार जाड. परंतु दोन्हींचा १६ हा आंकडा एक नव्हे. अमेरिकन १६ म्हणजे सुमारें १.२९ मिलिमीटर, ब्रिटिश १६ म्हणजे सुमारें १.६३ मिलिमीटर. छेदाच्या हिशोबानें दुसरी तार पहिलीच्या दीडपटीहून अधिक भरते. ‘सोळा नंबरपर्यंत चालतो’ एवढ्यावर विसंबून जो ही दुसरी तार तोडावयास जातो, तो कटर गमावतो. मिलिमीटरचा आंकडा पाहून घेणें हाच यावर उपाय. शिवाय तार जाड असेल तर ती जबड्याच्या टोकाशीं न धरतां रिव्हेटच्या जवळ, अगदीं मुळाशीं धरावी. तेथें तरफेचा जोर अधिक मिळतो. टोकें बारीक कामासाठीं राखून ठेवावींत. आणि तार तुटत नाहीं असें दिसतांच कटर डावीउजवीकडे पिळण्याची जी संवय असते, ती अजिबात सोडावी. धार जेव्हां मोडते, तेव्हां बहुधा अशा पिळण्यानेंच मोडते.

आतां दुकानांतील परीक्षा. मुंबईंत लॅमिंग्टन रोड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भडकमकर मार्गावर किंवा पुण्यांत बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत या हत्यारांचे अनेक प्रकार एकाच दुकानांत समोर मांडून मिळतात. नाशिक येथील टपारिया कारखान्यानें एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यानें १९६९ पासून हातहत्यारें बनविण्यास आरंभ केला. जर्मनींत वुपरटाल येथें १८८२ सालीं सुरू झालेल्या क्निपेक्ससारख्या कारखान्यांचा मालहि येथें मिळतो. किंमत कांहीं शेंकड्यांपासून कांहीं हजारांपर्यंत जाते. परंतु नांव आणि किंमत पाहण्यापूर्वीं कटर हातांत घेऊन तो मिटावा आणि उजेडासमोर धरावा. दोन्ही धारा मुळापासून टोकापर्यंत मिळाल्या असतील, तर मधून उजेडाची रेघ दिसत नाहीं. टोकें मिळून मूळ उघडें असणें किंवा मूळ मिळून टोकें उघडीं राहणें, हे दोन्ही दोषच. नंतर दोन दांडे एकमेकांच्या आडवे हलवून पाहावे. रिव्हेटपाशीं खुळखुळ जाणवली तर तो कटर परत करावा, कारण त्याच्या धारा आज जुळल्या तरी उद्यां जुळणार नाहींत. शेवटीं बहुतारी वायरमधील एकच बारीक तांब्याचा धागा जबड्याच्या अगदीं टोकानें तोडून पाहावा. तो एका दाबांत, न वांकतां तुटला पाहिजे.

दांड्यांविषयीं एक गैरसमज फार धोक्याचा आहे. त्यांवर रबरी किंवा प्लास्टिकचें रंगीत आवरण दिसलें कीं तो कटर विजेपासून रक्षण करतो, असें लोक धरून चालतात. तें आवरण बहुधा केवळ हाताच्या सोयीसाठीं असतें. आय. ई. सी. ६०९०० या मानकाप्रमाणें तपासलेल्या हत्यारावर १००० व्होल्टची खूण स्पष्ट असते. ती नसेल तर घरच्या २३० व्होल्टच्या चालू तारेला तें हत्यार लावूं नये. इलेक्ट्रॉनिक कामाच्या कांहीं कटरचीं आवरणें तर अंगावरचा स्थिर विद्युत्भार वाहून जावा म्हणून मुद्दाम किंचित् वाहक केलेलीं असतात. शिवाय चालू वायरच्या दोन्ही तारा एकदम तोडल्या, तर कटरचा जबडाच त्यांना जोडतो, ठिणगी उडते आणि धार वितळून भोंक पडतें. म्हणून आधीं बटण बंद करून प्लग काढावा आणि मगच कटर हातीं घ्यावा.

डोळ्यांचीहि तितकीच काळजी घ्यावयास हवी. छाटलेला पाय हा लहानसा बाणच असतो; तो कोणत्या दिशेला जाईल, याचा नेम नसतो. साधा संरक्षक चष्मा थोडक्या किंमतींत मिळतो. त्याशिवाय छाटतांना पायाचें मोकळें टोक दुसऱ्या हाताच्या बोटांनीं धरावें, किंवा बोर्ड खालीं तोंड करून एखाद्या खोक्यांत धरावा. तुकडा पकडून ठेवणारी लहानशी पट्टी लावलेले कटरहि मिळतात. लहान मुलें जवळपास वावरत असतील तेथें तेच घ्यावे. छाटलेले तुकडे मोजून डबींत टाकण्याची संवय मुलांना लावावी. बोर्डाखालीं राहिलेला एक तुकडा प्रवाह सुरू होतांच महागाचा भाग जाळूं शकतो.

ज्याला पहिलेंच दोन-चार यंत्रें जोडावयाचीं आहेत, त्यानें भारी किंमतीचा कटर घेण्याची घाई करूं नये. अडचणीच्या वेळीं मऊ तांब्याचा पाय नेलकटरनेंहि छाटतां येतो. नेहमीचें काम सुरू झालें म्हणजे एक मध्यम किंमतीचा सेमी-फ्लश कटर घ्यावा आणि तो फक्त तांब्यासाठीं राखावा. पोलादी व जाड तारांसाठीं एक साधा साईड कटर निराळा असावा. दोन स्वस्त हत्यारें वांटलेल्या कामांत जितकीं वर्षें टिकतात, तितकीं एक महाग हत्यार सर्व कामांत टिकत नाहीं. हात बसला, दाट बोर्डांवर काम होऊं लागलें, कीं तिसरा, नाजुक धारेचा फ्लश कटर घेण्यास हरकत नाहीं. त्याला रंगीत फीत बांधून ठेवावी, म्हणजे घरांतील दुसरें कोणी चित्राची तार तोडावयास तो उचलणार नाहीं. महिन्यांतून एकदां रिव्हेटवर तेलाचा एक थेंब सोडावा, धारांवरील सोल्डरचा चिकटा पुसावा. धार गेली तर मात्र घरीं घासूं नये, कारण घासल्यानें दोन्ही धारांचें मिळणें बिघडतें. आणि कटर अजून कामाचा आहे किंवा नाहीं याचा निर्णय करावयाचा असेल, तेव्हां बोर्डावर उरलेलें टोक भिंगाखालीं पाहावें. तें सपाट आणि स्वच्छ असेल तोंवर कटर ठेवावा. तें चेपलेलें, फरफटलेलें दिसूं लागलें कीं त्याला साईड कटरच्या कामाला लावून नवा आणावा.